चिंबू तो, ती की ते? लहान मुलांच्या खेळातील लिंगनिरपेक्ष पात्रांविषयी

सोंगटी

मी चित्रकार आहे आणि मुंबईत लहान मुलांसाठी खेळ तयार करण्याचे काम करते. सध्या चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी पटावरचा एक खेळ हाती आहे. शाळा सुटण्याच्या वेळी पाऊस कोसळू लागतो, रुळांवर पाणी साचते आणि ते फलाटाला लागण्याच्या आत सगळ्या सोंगट्या आपापल्या घरी पोचवायच्या असतात. यात एकट्याने जिंकता येत नाही. सगळे पोचले तर सगळे जिंकतात, एक अडकला तर सगळे अडकतात. काम देणाऱ्या संस्थेची अट एवढीच आहे की मुख्य पात्र मुलगाही वाटू नये आणि मुलगीही वाटू नये.

मला ही अट सोपी वाटली होती. मी एक गोलमटोल प्राणी काढला, त्याला पिवळा रेनकोट घातला, टोपी कपाळापर्यंत ओढली, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके दिले, पापण्या दिल्या नाहीत, केस दाखवले नाहीत. ओलेचिंब वरून नाव ठेवले चिंबू. लेकरू, पाखरू, कोकरू यांच्या पंगतीत बसेल आणि आपोआप 'ते चिंबू' होईल, असा माझा हिशेब होता.

परळच्या एका चाळीत तळमजल्याच्या खोलीत बालवाडी भरते, तिथे पाच मुलांसमोर कच्चा पट मांडला. मी जिभेवर पहारा ठेवून सांगत होते, "चिंबू शाळेतून निघाले. चिंबू भिजले." दोन वेण्या घातलेली, जेमतेम पाच वर्षांची एक मुलगी मला थांबवून म्हणाली, "भिजले नाही, भिजला." का, असे विचारल्यावर तिने उत्तर दिले, "तूच मघाशी म्हणालीस ना, त्याला भूक लागली." मी तसे म्हणाले होते, आणि म्हणताना माझे काही चुकलेही नव्हते.

एवढ्यावर भागले नाही. चिंबूच्या एका मित्राच्या टोपीवर मी दोन लाल क्लिपा काढल्या होत्या, केवळ दोघांत फरक कळावा म्हणून. ते कार्ड उलटताच मुलांनी एका सुरात बारसे उरकले, "ही चिंबी!" त्या क्षणापासून चिंबू हा मुलगा ठरला आणि पुढचा अर्धा तास कोणीही त्याबद्दल शंका घेतली नाही.

तर प्रश्न असा आहे की मराठीत खेळणाऱ्या मुलांसाठी असे पात्र खरोखर घडवता येते का, आणि येत असेल तर ते चित्रात घडते की भाषेत? ज्यांनी मुलांसाठी काही केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. 'लिंगनिरपेक्ष' या शब्दाला अधिक हलका पर्याय कोणाला सुचला तर तोही सांगावा, कारण बालवाडीच्या ताईंसमोर तो उच्चारताना मला सरकारी परिपत्रक वाचत असल्यासारखे वाटते.

टिंब

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, त्यामुळे चित्राविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र आपला घात कोठे झाला ते सांगू शकतो. मराठीला तिसरे लिंग आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि हिंदीवाल्यांपेक्षा आपली सोय अधिक आहे असेही वाटते. ती सोय प्रथमा विभक्तीच्या उंबऱ्यापर्यंतच चालते. 'तो' आणि 'ते' वेगळे असले तरी पुढे दोघांचेही त्याने, त्याला, त्याचा, त्याच्यात असेच होते. 'ती'चे मात्र तिने, तिला, तिचा होते. म्हणजे नपुंसकलिंगी पात्र वाक्यात जरा हलले की त्याच्या अंगावर पुल्लिंगी कपडे चढतात. आपल्या त्या पाच वर्षांच्या परीक्षिकेने व्याकरणाचे अचूक अनुमान केले आहे.

दुसरे असे की 'ते' हे सर्वनाम वयाला बांधलेले आहे. 'ते पोर झोपले' यात माया आहे. मोठ्या माणसाविषयी 'ते काय करणार आहे' असे म्हटले तर त्यात तुच्छता येते. आपल्या खेळात चिंबूबरोबर तिकीट तपासनीस किंवा फुलवाले असतील तर त्यांना 'ते' लावता येणार नाही, आणि लावलेच तर वाचणारा ते आदरार्थी अनेकवचन समजेल. हे मात्र आपल्या पथ्यावर पडेल, कारण अनेकवचनात 'त्यांना, त्यांचे' हे तिन्ही लिंगांना सारखेच आहे.

माझा सल्ला असा की सर्वनामाच्या मागे लागू नये, क्रियापदाकडे बघावे. मराठीच्या क्रियापदात पळवाटा भरपूर आहेत. भविष्यकाळात लिंग दिसतच नाही: मी जाईन, तू जाशील, चिंबू जाईल. हिंदीला ही चैन नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्त्याला सोडून कर्माचा हात धरते: चिंबूने पेरू खाल्ला, चिंबूने पोळी खाल्ली. खाणारा कोण होता हे त्यातून कळत नाही. भूक लागली, थंडी वाजली, पाय घसरला, मजा वाटली या वाक्यांत तर करणाऱ्याला कर्तेपणच नसते. मुलांच्या गोष्टी बहुतांशी याच चार गोष्टींवर चालतात.

शेवटचे, चहाडी म्हणून नव्हे. आपण स्वतः खेळाचे नियम सांगताना 'एकट्याने' आणि 'एक अडकला' असे लिहिले आहे.

सोंगटी

टिंब, शेवटची ओळ वाचून मी नियमपत्रिका उघडली आणि तिच्यात असे 'एक अडकला' मोजायला बसले. मोजणे अर्ध्यावर सोडून दिले.

जुना आर्केड

क्लिपांवरून आठवले. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम आणला. त्याचा रचनाकार तोरू इवातानी याला गोळीबाराचे खेळ सोडून काहीतरी असे हवे होते की ज्यामुळे मुली आणि जोडपीही आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनात, येतील, म्हणून त्याने खाण्याभोवती खेळ रचला. पात्र म्हणजे काय, तर एक फोड काढलेला पिवळा गोळा. नावात 'मॅन' असला तरी पडद्यावर त्या गोळ्याला लिंग नव्हते. १९८२ साली अमेरिकेत मिस पॅक-मॅन आली. तिला डोक्यावर लाल बो, ओठांना रंग, गालावर तीळ आणि डोळ्यांना पापण्या असा साज चढवलेला होता. गोळा तोच राहिला. ती आल्यावर पहिला गोळा कायमचा पुरुष झाला, कारण आता त्याच्याकडे बो 'नव्हता'.

लेगोच्या ठोकळ्यांबरोबर येणाऱ्या माणसांचेही तसेच झाले. १९७८ साली आलेल्या त्या बाहुल्यांना पिवळा चेहरा, दोन ठिपके आणि एक हसू एवढेच होते. डोक्यावर केसांचा कोणता तुकडा बसवायचा तेवढ्यावर बाई की पुरुष ते ठरे, आणि तुकडा उपटून दुसरा लावता येई. १९८९ साली समुद्री चाच्यांच्या संचात दाढ्या, डोळ्यांवरच्या पट्ट्या आणि रंगवलेले ओठ छापून आले आणि चेहरा बदलण्याची गंमत गेली. तुमचा चिंबू १९७८ मध्ये होता, क्लिपा लावून तुम्ही त्याला १९८९ मध्ये नेलेत.

माहीम कॉजवे

यासाठी जपानपर्यंत कशाला जायचे? २०२० च्या ऑगस्टमध्ये महापालिकेच्या जी उत्तर विभागाने दादर-माहीम परिसरातल्या पादचारी सिग्नलांवर चालणाऱ्या माणसाऐवजी फ्रॉक घातलेली आकृती बसवली. त्या काळात मी रोज शिवाजी पार्कवरून जात असे. मला ते पाहून मनापासून आनंद झाला होता, आणि तो आनंद आजही मागे घ्यावासा वाटत नाही. तरी एक गोष्ट खटकली. त्याआधी सिग्नलवरची काडीची आकृती पुरुष आहे की बाई याचा विचार मी चाळीस वर्षांत केला नव्हता. मला वाटायचे की ते 'माणूस' आहे. त्रिकोणी फ्रॉक दिसल्यावर कळले की तोवर तो 'पुरुष' होता. मी स्वतः सिग्नल ओलांडताना फ्रॉक कधीच घातलेला नव्हता, हा भाग निराळा.

माझ्या मते कोरी आकृती निरपेक्ष नसते. कोरेपणा हाच आपल्याकडे पुरुषाचा गणवेश आहे. खूण करायची ती बाईवर. मोटरमन हा शब्दच घ्या. सुरेखा यादव यांनी २०२३ च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली तेव्हा सगळ्या बातम्यांत 'महिला लोको पायलट' असे छापून आले. आदल्या दिवशी तीच गाडी चालवणाऱ्यांना कोणी 'पुरुष लोको पायलट' म्हटले नव्हते.

दोन मुलांचा बाप

मी सगळे प्रतिसाद वाचले आणि थोडे वाकडे बोलणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मला सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा आहे. मुलीला गुलाबी रंग वेड लागल्यासारखा आवडतो, मुलाला जे काही चाके असलेले दिसेल ते आवडते. आम्ही त्यांना तसे शिकवलेले नाही. आता चिंबूला ना मुलगा ना मुलगी करून आपण नेमके कोणाचे भले करणार? मुलांना जग दोन भागांत दिसते तर दिसू द्यावे, वय वाढले की आपोआप कळते. शिवाय निरपेक्षतेच्या नावाखाली जे काही बनते ते बहुधा राखाडी, मातकट आणि नीरस असते. माझ्या मुलीच्या हातून गुलाबी काढून घेणे हाही तिच्यावरचा अन्यायच आहे, आणि तो उदारमतवादी लोक करतात म्हणून कमी ठरत नाही.

सोंगटी

तुमचे बोलणे वाकडे नाही. गुलाबी काढून घ्यायच्या मी विरोधातच आहे. मला अडचण येते ती गुलाबीबरोबर येणाऱ्या कामांची. ज्या संचात गुलाबी घर असते त्यात धावायला रस्ता नसतो, आणि ज्या संचात रस्ता असतो त्यात कोणाला भूक लागत नाही. तुमच्या मुलाच्या गाडीत बसलेल्या माणसाला कधीतरी घरी जाऊन जेवायचे असेलच ना? चिंबूच्या खेळात धावणेही आहे आणि डबा वाटून खाणेही आहे, दोन्ही केल्याशिवाय पाणी उतरत नाही.

आणि आपण मुलांना शिकवत नाही, असे मलाही वाटत होते. १९८७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लिंग कळणार नाही अशा प्राण्यांची चित्रे असलेली पुस्तके आया आपल्या मुलांना दाखवत होत्या, आणि त्या काय बोलतात ते नोंदवले गेले. अशा पात्रांपैकी सुमारे ९५ टक्के पात्रांना त्यांनी पुल्लिंगी सर्वनाम लावले. त्यांनीही मुद्दाम काही शिकवले नव्हते. मराठीत निदान चिमणी ताई आहे, मुंगी आणि खार याही 'ती' आहेत. हे मात्र कोणाच्या विचाराने झालेले नाही, तो व्याकरणाचा प्रसाद आहे. वाघ आणि हत्ती वाटेत लागले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

बालवाडीताई

मी तीस वर्षे बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. माझ्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम शिकवले जायचे. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा विकतची साधने नव्हती, तर शिंपले, बिया, पाने, माती यांवरच सारे शिक्षण चालले. चिंचोक्याला लिंग नसते. मुले चिंचोक्याला सकाळी आई करतात, दुपारी बस कंडक्टर आणि संध्याकाळी खाऊन टाकतात. मला वाटते की पात्र जितके कमी पूर्ण केलेले तितके मुलांच्या हातात जास्त राहते. तुमच्या चिंबूला डोळे आहेत, टोपी आहे, नाव आहे, म्हणजे तुम्ही बरेच काही ठरवून ठेवले आहे, आणि उरलेले एवढेसे मुलांनी ठरवले तर त्यांच्यावर रागावून कसे चालेल?

भातुकलीचे माझे निरीक्षण सांगते. मुलगे भातुकलीत येतात, येत नाहीत असे नाही. पण आले की "मी ऑफिसला जाऊन येतो" म्हणून दाराबाहेर जातात आणि खेळ संपेपर्यंत बाहेरच हुंदडतात. एका वर्षी मी दार लावून घेतले आणि आज ऑफिसला सुट्टी आहे असे जाहीर केले. तेव्हा त्यातल्या एकाने तासभर पोळ्या लाटल्या आणि मुलींना लाटू दिल्या नाहीत, त्यावरून रडारड झाली. तात्पर्य शोधू नका, जे झाले ते सांगितले. याउलट मुलांच्या क्रिकेटमध्ये मुलीला घेतलेच तर कच्चे लिंबू म्हणून घेतात, म्हणजे ती खेळते पण तिचा आउट धरत नाहीत. हा दयाळूपणा मला फार राग आणतो.

आणि आपल्या घरात जुन्या गोष्टी सगळ्याच वाईट नव्हत्या. बोरन्हाणाला मुलगा असो वा मुलगी, काळे झबले आणि हलव्याचे दागिने सारखेच. मुलग्याच्या गळ्यात हलव्याचा हार घालताना कोणा आजीचा हात थरथरला नाही. पहिली झबली तर जुन्या मऊ धोतराची असत, आणि मूल जन्मण्याआधी खरेदी करणे अशुभ मानत. आता तर कायद्यानेच आधी लिंग सांगता येत नाही, महाराष्ट्रात १९८८ पासून आणि देशभर १९९४ च्या कायद्यापासून. त्यामुळे परदेशात पोटातल्या बाळाची खोली निळी-गुलाबी रंगवतात तसे आपल्याकडे होऊ शकत नाही. आपला रंगीबेरंगी हट्ट बारशापासून सुरू होतो, एवढा तरी उशीर आपण करतो.

एक मात्र बघा. आया लेकींना "काय रे राजा", "ये रे सोन्या" म्हणतात, मीही म्हणते. मुलग्याला लाडाने "ये गं राणी" म्हटलेले तीस वर्षांत माझ्या कानावर आले नाही.

टिंब

बालवाडीताईंचे शेवटचे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून घेतले आहे. त्याला जोड म्हणून सांगतो की कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी आलो, मी जातो" म्हणतात. तिथल्या मुलीने चिंबूच्या तोंडी "मी निघालो" वाचले तर ती त्याला मुलगा समजेलच असे नाही. पुण्या-मुंबईची प्रमाण मराठी धरून आपण हा घोळ वाढवतो आहोत, हेही ध्यानात असावे.

वजीर

थोडे अवांतर, पण फार नाही. बुद्धिबळातल्या ज्या मोहऱ्याला आपण वजीर म्हणतो त्याला इंग्रजीत राणी म्हणतात. पटावरचे सर्वांत बलाढ्य मोहरे आपल्याकडे पुरुष आणि तिकडे बाई. माझा भाचा इंग्रजी शाळेत जातो, घरी आजोबांशी वजीर घेऊन खेळतो आणि वर्गात तेच मोहरे त्याच्यासाठी राणी असते. त्याला यात कसलाही विरोधाभास दिसत नाही, कारण मोहरे चालते कसे हे त्याला माहीत आहे. सावंतवाडीच्या गंजिफात, म्हणजे त्या जुन्या गोल पत्त्यांत, तर राणी नाहीच, प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान. नेहमीच्या पत्त्यांत राणी आहे पण राजाच्या खाली. मुलांच्या मनात पात्राचे वजन नावावरून ठरते की चालीवरून, हे सोंगटीताईंनी तपासून पाहावे.

खोकेवाला

मी खेळांची खोकी छापतो. पात्र, भाषा, क्रियापदे हे सगळे खोके उघडल्यानंतरचे आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या कोणत्याही खेळण्यांच्या दुकानात जा, पहिला प्रश्न "मुलासाठी की मुलीसाठी?" आणि दुसरा "वय काय?" हाच येतो. दुकानदार दुष्ट नसतो. त्याच्यामागे छतापर्यंत माल रचलेला असतो आणि एका प्रश्नात अर्धा माल बाद झाला तर त्याचे काम हलके होते. कॅलिफोर्नियात २०२४ पासून पाचशे किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या मोठ्या दुकानांना मुलांच्या वस्तूंचा एक लिंगनिरपेक्ष विभाग ठेवावा लागतो. आपल्याकडची दुकाने एवढी अरुंद असतात की विभाग ठेवायला भिंत कोठून आणणार?

मला जे जमले ते सांगतो. मागे स्वयंपाकाच्या एका संचाच्या खोक्यावर नेहमीप्रमाणे हसऱ्या मुलीचा फोटो येणार होता. आम्ही चेहरे काढून टाकले आणि फक्त हात घेतले, चार वेगवेगळ्या मुलांचे, कोपरापर्यंत. त्यांत बांगडी नाही आणि घड्याळही नाही, एकाच्या नखात माती होती ती राहू दिली. खोक्याला पिवळा आणि हिरवा रंग दिला. विक्री किती वाढली ते सांगता येणार नाही, कारण त्याच सुमारास दिवाळी आली. पण दुकानदार तो संच एका ऐवजी दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना काढून दाखवू लागला, हे मी डोळ्यांनी पाहिले. चिंबूच्या खोक्यावर चिंबू एकटा उभा करू नका, त्याला पाठमोरा दाखवा किंवा गर्दीत दाखवा.

दोन मुलांचा बाप

नखातली माती आवडली. माझा विरोध अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा असा की खेळात मुलाला पात्र मुलगा करायचे असेल किंवा मुलीला मुलगी करायची असेल तर ती वाट बंद नसावी.

जुना आर्केड

ती वाट आता बऱ्याच खेळांनी मोकळी ठेवली आहे. २०२० सालच्या ॲनिमल क्रॉसिंग या खेळात सुरुवातीला मुलगा की मुलगी असे न विचारता रूप कसे हवे एवढेच विचारले आहे, आणि पुढे कोणतेही केस, कोणताही पोशाख कोणालाही घालता येतो. अर्थात इंग्रजीत 'यू' म्हणून वेळ मारून नेता येते. मराठीत 'तू आलास की आलीस' हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते.

सोंगटी

तीन आठवड्यांनी परत आले आहे. त्याच खोलीत दुसरी चाचणी केली.

चित्रात बदल असा केला की एकट्या चिंबूऐवजी चार सोंगट्या आहेत, चौघांचे रेनकोट वेगवेगळ्या रंगांचे आहेत, त्यांतला एक गडद गुलाबी आहे. टोपी, क्लिप, केस यांवरून फरक ओळखायचाच नाही, प्रत्येकाच्या हातात काय आहे त्यावरून ओळखायचे. एकाकडे डबा, एकाकडे मोडकी छत्री, एकाकडे भोवरा आणि एकाच्या दप्तरातून मांजराचे पिल्लू डोके काढते. भाषेत टिंब यांचे ऐकले. कार्डावर चिंबूविषयी कोणी बोलत नाही, चिंबू स्वतः बोलते: "मला थंडी वाजते आहे." "माझी चप्पल वाहून गेली." "मी अर्धा लाडू ठेवला, कोणाला हवा?" नियमपत्रिकेत 'खेळाडू' हा शब्द काढून 'भिडू' घातला, कारण मुंबईच्या पोरी एकमेकींना भिडू म्हणतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. 'लिंगनिरपेक्ष' हा शब्द ताईंसमोर उच्चारलाच नाही. "सगळ्यांचा खेळ" म्हटले, त्यांना पुरले.

गेल्या वेळची ती वेण्यांची मुलगी या वेळी आपल्या भावाला घेऊन आली होती, तो सहा-साडेसहा वर्षांचा असेल. मांजराचे पिल्लू असलेल्या सोंगटीवरून दोघांत जुंपली. तो म्हणे हा मुलगा आहे, कारण मुली मांजराला घाबरतात. ती म्हणे ही मुलगी आहे, कारण मी घाबरत नाही. मी मध्ये पडले नाही, जीभ दाताखाली धरून बसले. शेवटी तिनेच निवाडा दिला, "माझ्या हातात आहे तोवर मुलगी, तुझ्यावर पाळी आली की तुझा मुलगा." पुढे अख्खा खेळ त्या नियमाने चालला. सोंगटी हातातून हातात जाई तशी वाक्ये बदलत, ती 'पडली' म्हणे आणि तो 'पडला' म्हणे, आणि डबा असलेली सोंगटी फलाटावर अडकली तेव्हा तिला सोडवायला दोघेही एकाच वेळी धावले. ती सोंगटी काय होती हे त्या गडबडीत कोणीच ठरवले नाही.

वजीर, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की पहिल्या दोन फेऱ्या नावावर गेल्या, तिसऱ्या फेरीपासून मुले चालीवर आली. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या आता मी मुद्दाम छोट्या केल्या आहेत.

संस्थेला हे सारे पटले आहे, फक्त त्यांना जाहिरातीसाठी एकच चेहरा हवा आहे. त्यावर अजून वाद चालू आहे आणि बहुधा मी हरेन.

आता एकच वाक्य अडले आहे. फलाटाचा पूल चढून गेल्यावर शाबासकीचे कार्ड येते: "शाब्बास! तू जिना चढलास." चढणे हे कर्त्याला धरून राहणारे क्रियापद निघाले, त्यामुळे 'चढलास / चढलीस' अशी तिरकी रेघ मारावी लागते आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाला तिरकी रेघ वाचून दाखवणे म्हणजे ठेच लागण्यासारखे आहे.

टिंब

'चढणे' सोडा आणि 'गाठणे' घ्या, ते कर्माला धरते. मात्र 'तू जिना गाठलास' केले तर कानाला पुन्हा पुल्लिंगीच लागेल, जिना पुल्लिंगी असल्यामुळे.

दोन मुलांचा बाप

आणि 'शिडी गाठलीस' केले तर माझा मुलगा ताबडतोब तक्रार करेल.

टिंब

म्हणून कर्मच नपुंसकलिंगी शोधावे. 'तू पुलाचे टोक गाठलेस.'

बालवाडीताई

छापताना 'टोक गाठलंस' असे छापा. 'गाठलेस' वाचून दाखवले तर माझ्याकडची मुले कोणीतरी रागावले आहे असे समजतील.

सोंगटी

"शाब्बास! तू पुलाचं टोक गाठलंस." लिहून घेतले. उद्या सकाळी छापखान्यात देते.